लॅमेलर इक्थिओसिस : खवल्यांच्या त्वचेसह आयुष्य

हा आजार असलेलं बाळ बहुधा ताणलेल्या, चकचकीत पापुद्र्यात गुंडाळल्यासारखं जन्मतं. काही आठवड्यांत पापुद्रा आपोआप सुटतो; तो ओढून काढायचा नाही. तोवर बाळाच्या अंगातलं पाणी आणि ऊब टिकवणं, जंतुसंसर्ग टाळणं महत्त्वाचं. पुढे अंगभर जाड, काळपट खवले येतात, ते आयुष्यभरासाठी.

अनेक रुग्णांत दोष टीजीएम१ या जनुकात असतो. हे १९९५मध्ये उलगडलं. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आते-मामे भावंडांच्या लग्नात हा धोका वाढतो, म्हणून अशा घरांनी जनुकीय समुपदेशन घ्यावंच. आजार स्पर्शाने मुळीच पसरत नाही. अशा मुलाला वर्गात वेगळं बसवणं हा निव्वळ अन्याय आहे.

सगळ्यात मोठं काम रोजच्या आंघोळीचं. कोमट पाण्यात बराच वेळ भिजायचं, मऊ कापडाने खवले हलकेच चोळून काढायचे आणि अंग ओलसर असतानाच मलम किंवा पेट्रोलियम जेली लावायची. कानात खवले साचून ऐकू कमी येतं. ते डॉक्टरांकडूनच काढून घ्यावेत. पापण्या बाहेर वळल्या, तर डोळे झोपेतही पुरते मिटत नाहीत. घाम नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पीटीच्या तासाला सावली आणि ओला टॉवेल हवाच.

मोठेपणी अ‍ॅसिट्रेटिनच्या गोळ्यांनी खवले कमी होतात. पण त्यांनी गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. गोळ्या थांबवल्यावरही ३ वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. तरुण मुलींना हे पहिल्या गोळीआधीच स्पष्ट सांगायला हवं.