ओपन सोर्स परिषदेत ऐकायचं काय आणि बोलायचं कुणाशी?

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "सॉफ्टवेअरवाल्यांच्या परिषदेत आमचं काय काम? तिथं शोधनिबंध थोडाच वाचायचाय!" प्रश्न रास्त आहे. पण तुमच्या प्रबंधातली आकडेमोड, आलेख, कदाचित अक्षरजुळणीसुद्धा ज्या सॉफ्टवेअरवर होणार, ते लिहिणारी माणसं तिथं भेटतात. जायचं ते यासाठी.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. फेडोरा लिनक्सची 'फडकॉन' नोव्हेंबर २०११ मध्ये शिवाजीनगरच्या सीओईपीत आणि जून २०१५ मध्ये कोथरूडच्या एमआयटीत झाली. २०११ चीच 'पायकॉन इंडिया'ही पुण्यात झाली. मॉडेल कॉलनीतल्या सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' वर्षानुवर्षं भरायची. म्हणजे वाकड-हिंजवडीत राहणाऱ्याला यातलं काहीच परगावी नव्हतं.

आता व्याख्यानांचं. सगळी ऐकायचा हट्ट नको. आदल्या रात्री वेळापत्रक बघून दिवसाला तीन-चार निवडा. 'हे कसं वापरावं' हे घरबसल्या वाचता येतं. 'हे असं का केलं' सांगणारं व्याख्यान आधी घ्या.

उदाहरण देतो. नमपायच्या १.१७ या आवृत्तीत, २०१९ साली, यादृच्छिक आकडे तयार करायची नवी पद्धत आली. जुन्या पद्धतीत तोच 'सीड' दिला की तेच आकडे येत राहावेत, म्हणून ती गोठवून ठेवली आहे. नव्या पद्धतीत अल्गोरिदम सुधारायची मोकळीक राखलीये, त्यामुळे आवृत्ती बदलली तर त्याच सीडवर वेगळे आकडे येऊ शकतात. म्हणजे काय, तर प्रबंधात नुसता सीड लिहून भागत नाही, आवृत्तीही लिहावी लागते. नाहीतर दोन वर्षांनी परीक्षकाने तुमचा कोड चालवला आणि तक्त्यातला आकडा जुळला नाही, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. हे कागदोपत्री लिहिलेलं असतं, पण त्याचं महत्त्व बहुतेकदा अशा गप्पांमधूनच कळतं.

बरं, गप्पा मारायच्या कशा? "सर, मार्गदर्शन करा" म्हटलं की समोरचा अवघडतो. त्याऐवजी एका मिनिटात मांडता येईल असा नेमका प्रश्न न्या: मी हे करतोय, इथं अडलंय, हे करून पाहिलंय. व्यासपीठाजवळच्या गर्दीपेक्षा चहाच्या रांगेत हे सोपं जातं. घोळक्यात शिरायची भीड वाटते? अनेक परिषदांत 'पॅकमॅन नियम' सांगतात: गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी ठेवायची. तशी जागा दिसली की बिनधास्त उभे राहा. आणि स्वतः उभे असाल तेव्हा जागा सोडा; बाजूला एकटं उभं असलेलं कुणीतरी असतंच.

परत आल्यावर दोन दिवसांत एक काम करा. ज्या अडचणीवर बोलणं झालं तिची नीट नोंद प्रकल्पाकडे पाठवा, किंवा दस्तऐवजातली एखादी चूक दुरुस्त करून द्या. ओळख टिकते ती अशा कामाने.

आपल्या कित्येक विभागांत एखाद्याच्या विषयाचं दुसरं कुणीच नसतं. गाईडही त्या सॉफ्टवेअरपुरते परकेच असतात. अशा विद्यार्थ्याला अडल्यावर विचारायला दोन माणसं मिळाली, तर पुढची चार-पाच वर्षं बरीच सुसह्य होतात.