पुनर्लेखनाच्या तबकड्या : भरणे, पुसणे आणि जपणे

शाळेचे निकालपत्रक, ग्रामसभेचे इतिवृत्त, सहकारी सोसायटीच्या सभासदांची यादी असे कागद संगणकावर तयार करून सीडी अथवा डीव्हीडी या तबकडीवर साठविण्याची प्रथा या शतकाच्या आरंभी रूढ झाली. पुढे पेनड्राइव्ह आले, आणि नव्या संगणकांत तबकडीचा खण बहुधा नसतोच. तथापि जुन्या तबकड्या शाळांच्या व कार्यालयांच्या कपाटांत अद्याप आढळतात, आणि बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह लावल्यास त्या वापरताही येतात.

या तबकड्यांविषयी एक समज फार प्रचलित आहे. पडद्यावरून फाईल नाहीशी झाली की ती तबकडीवरूनही गेली, असे मानले जाते. वस्तुतः फाईल दिसेनाशी होणे, तबकडीची अनुक्रमणिका पुसली जाणे आणि प्रत्यक्ष मजकूर पुसला जाणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात न घेतल्यास जपावयाचे दप्तर हातचे जाते, आणि नष्ट करावयाचे दप्तर परक्याच्या हाती पडते.

तबकडी कोणती, हे प्रथम पाहावे

तबकडीवर छापलेली अक्षरे आधी वाचावीत. ‘सीडी-आर’ किंवा ‘डीव्हीडी-आर’ असे लिहिले असल्यास ती एकदाच लिहिण्याची तबकडी होय. तिच्यातील रंगद्रव्याच्या थरावर लेझर किरणाने उमटविलेली खूण कायमची असते. शाईने लिहिलेल्या कागदासारखीच ती समजावी. ‘आरडब्ल्यू’ ही अक्षरे असल्यास ती पुनर्लेखनाची तबकडी असून तिची तुलना पाटीशी करता येईल. सीडी-आरडब्ल्यू १९९७ साली प्रचारात आली. सीडीवर सुमारे ६५० ते ७०० मेगाबाइट, तर एका थराच्या डीव्हीडीवर सुमारे ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो.

पुसले जाते ते कसे ?

पुनर्लेखनाच्या सीडीत चांदी, इंडियम, अँटिमनी व टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. मूळ अवस्थेत हा थर स्फटिकमय असतो व प्रकाश बऱ्यापैकी परावर्तित करतो. लिहिताना लेझरचा प्रखर किरण एका सूक्ष्म बिंदूवर पडतो. तो बिंदू सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापून वितळतो आणि लगेच थंड होतो. स्फटिक बनण्यास अवधी न मिळाल्यामुळे तेथे काळपट खूण राहते. पुसताना त्याहून सौम्य किरण वापरतात. त्याने तो बिंदू सुमारे २०० अंशांपर्यंतच तापतो, वितळत नाही, आणि स्फटिक पुन्हा जुळून थर पूर्ववत होतो. वाचताना किरण अगदी मंद असल्याने थरात काहीच बदल होत नाही.

हे रूपांतर सुमारे एक हजार वेळा करता येते, असे मानले जाते. तथापि या थराचे परावर्तन छापील सीडीपेक्षा बरेच कमी असल्याने जुन्या यंत्रांवर अशी तबकडी कित्येकदा वाचली जात नाही.

पुसण्याचे दोन प्रकार

तबकडीवर लिहिण्याच्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये जलद आणि संपूर्ण असे पुसण्याचे दोन मार्ग असतात. जलद प्रकारात केवळ आरंभीची अनुक्रमणिका पुसली जाते. हे काम एक-दोन मिनिटांत आटोपते आणि तबकडी कोरी दिसू लागते. मूळ मजकूर मात्र तिच्यावर नवे लेखन होईपर्यंत तसाच राहतो, आणि जाणकार व्यक्ती विशेष साधनांनी तो बाहेर काढू शकते. संपूर्ण प्रकारात आरंभापासून अखेरपर्यंत सर्व थर पूर्ववत केला जातो. चौपट वेगाच्या सीडीला त्यासाठी सुमारे २० मिनिटे लागतात.

तबकडी त्याच कार्यालयात पुन्हा वापरावयाची असल्यास जलद प्रकार पुरेसा आहे. ती अन्य कोणास द्यावयाची असेल, आणि तिच्यावर विद्यार्थ्यांचे गुण, बँक खात्यांचे क्रमांक किंवा रुग्णांची माहिती असेल, तर संपूर्ण प्रकारच अवलंबावा. एकदाच लिहिण्याच्या तबकडीवरील गोपनीय माहिती नष्ट करण्यास ती तबकडी तोडण्यावाचून उपाय नाही.

नव्या फाइली भरणे

विंडोज ७ व त्यानंतरच्या आवृत्त्यांत कोरी तबकडी घातली असता दोन पर्याय पुढे येतात. पहिला पर्याय ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ वापरण्याचा. यात फाईल थेट तबकडीवर टाकता येते व एकेक फाईल वेगळी काढताही येते. आरडब्ल्यू तबकडीवर अशी रिकामी झालेली जागा पुन्हा उपयोगात येते. सीडी-आरवर मात्र फाईल केवळ दिसेनाशी होते, जागा परत मिळत नाही. येथे विशेष सावधगिरी हवी, कारण तबकडीवरून काढलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही. चुकून काढलेली फाईल तेथे शोधून सापडणार नाही.

दुसरा पर्याय ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसाठी’ हा होय. यात फाइली आधी एकत्र जमवितात व नंतर एकदम लिहितात. पुढे भर घातल्यास प्रत्येक भर स्वतंत्र सत्र म्हणून नोंदली जाते. सत्र बांधण्यासाठीही जागा खर्च होते. सीडीवर पहिल्या सत्रास सुमारे २२ मेगाबाइट, तर पुढील प्रत्येक सत्रास सुमारे १३ मेगाबाइट जागा त्यापायी जाते. म्हणून रोज एकेक पत्र भरण्यापेक्षा आठवड्याचे काम एकत्र लिहिणे काटकसरीचे ठरते. नवे सत्र लिहिताना मागील सत्र जोडून घ्यावे. ते जोडले नाही, तर जुन्या फाइली तबकडीवर असूनही दिसत नाहीत, आणि तबकडी कोरी समजून ती पुसली जाण्याचा संभव असतो. या पद्धतीत एकच फाईल काढता येत नाही. जागा मोकळी करावयाची असल्यास सर्व तबकडीच पुसावी लागते.

घ्यावयाची दक्षता

पुसण्यापूर्वी तबकडीवरील सर्व फाइली संगणकावर उतरवून घ्याव्यात. केवळ फाइलींची नावे पाहून समाधान मानू नये, दोन-चार फाइली उघडून वाचाव्यात आणि मगच पुसण्याची आज्ञा द्यावी. लिहिताना किंवा पुसताना वीज गेल्यास तबकडी निकामी होऊ शकते, यासाठी यूपीएसची सोय असावी.

तबकडी कडेने धरावी, उन्हात ठेवू नये आणि मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसावी. सीडीतील लेखनाचा थर नाव लिहिण्याच्या बाजूला अगदी लागून असतो. त्या बाजूस बॉलपेनने लिहिल्यास तो दुखावतो, म्हणून मऊ टोकाचा पेनच वापरावा. तबकडीवर काय आहे, केव्हा भरले व केव्हा पुसले, याची नोंद एका वहीत ठेवावी. कर्मचारी बदलून गेल्यावर त्याच्या जागी येणाऱ्यास हीच वही वाट दाखविते.

पुनर्लेखनाची तबकडी ही पाटी आहे, आणि पाटीवर कोणी कायमचे दप्तर लिहीत नाही. जे जपावयाचे ते एकदाच लिहिण्याच्या तबकडीवर किंवा अन्य साधनावर, निदान दोन प्रतींत व दोन निराळ्या ठिकाणी ठेवावे. पुनर्लेखनाच्या तबकडीवर चालू काम ठेवावे. ती पुसण्याची वेळ येईल तेव्हा तिच्यावरील मजकुराची प्रत अन्यत्र सुरक्षित असल्याची खात्री आधीच झालेली असावी.