महागडी तार आणि उघड्या भिंती

ऑडिओफाइल, म्हणजे संगीताइतकाच ते ऐकवणाऱ्या यंत्रांच्या दर्जाविषयीही चोखंदळ असलेला श्रोता, आपल्या स्टिरिओ संचाभोवती जे जोडसाहित्य जमवतो त्यात स्पीकरच्या जाडजूड तारा, चांदीच्या जोडतारा, विजेच्या खास पॉवर कॉर्ड, तारा जमिनीपासून उचलून धरणारे छोटे स्टँड, अँप्लिफायरखाली ठेवायचे टोकदार पाय आणि सीडीच्या कडेला फासायची हिरवी शाई अशा नाना वस्तू येतात, आणि त्यांपैकी काहींची किंमत मूळ संचाच्या किमतीच्या वर जाते. या वस्तूंनी आवाज खरोखर सुधारतो का, हा वाद १९७० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत ‘मॉन्स्टर केबल’ने स्पीकरच्या तारेला स्वतंत्र विक्रीची वस्तू बनवले त्या सुमारास पेटला आणि अजून शमलेला नाही. त्याचे एक कारण असे, की त्यात दोन वेगळे प्रश्न नेहमी एकमेकांत मिसळले जातात: एखाद्या वस्तूमुळे कानापर्यंत पोचणाऱ्या ध्वनीत मोजता येईल असा बदल होतो का, हा पहिला, आणि झालेला बदल माणसाच्या कानाला जाणवण्याइतका मोठा असतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्र देते, दुसऱ्याचे काटेकोर श्रवणचाचणी देते, आणि ही उत्तरे वस्तूगणिक बदलत असल्यामुळे सगळ्याच जोडसाहित्याला सरसकट थोतांड म्हणणे जितके चूक, तितकेच त्या सगळ्यावर विश्वास ठेवणेही चूक ठरते.

सर्वाधिक वाद स्पीकरच्या तारेवर होतो, म्हणून तिचा हिशेब सविस्तर पाहणे योग्य ठरेल. तार विजेच्या प्रवाहाला जो अडथळा करते त्याला रोध म्हणतात आणि तो ओहम या एककात मोजतात. घरातील वायरिंगसाठी वापरतात त्या २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम असतो, त्यामुळे अँप्लिफायरपासून तीन मीटरवर असलेल्या स्पीकरपर्यंत जाण्या-येण्याची सहा मीटर तार धरली तरी एकूण रोध ०.०४ ओहमच्या आसपासच भरतो. स्पीकरचा स्वतःचा अडथळा, ज्याला इंपिडन्स म्हणतात, नावापुरता आठ ओहम असला तरी प्रत्यक्षात तो स्वराच्या कंपनसंख्येनुसार चार ओहमपासून वीस ओहमपर्यंत वरखाली होऊ शकतो, आणि तारेचा रोध मोठा असेल तर या चढउताराचे प्रतिबिंब आवाजात उमटून काही स्वर दबतात व काही उठतात. वरील साध्या तारेत हा फरक डेसिबलच्या एक दशांशाहूनही कमी येतो, आणि इतका सूक्ष्म फरक संगीत ऐकताना कानाला कळत नाही. याउलट ०.२ चौरस मिलिमीटरची केसासारखी बारीक तार दहा मीटर लांब ओढली तर रोध १.७ ओहमवर जातो आणि तोच फरक दोन डेसिबलच्या वर चढतो, जो कोणत्याही सावध श्रोत्याला जाणवेल. अमेरिकेतील ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ साली घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष या हिशेबाशी जुळतो: बारीक तार कमअस्सल ठरली, पण दिव्याला लावतात तशी बऱ्यापैकी जाड साधी तार आणि ‘मॉन्स्टर’ची महाग तार यांत संगीत ऐकताना श्रोत्यांना भेद करता आला नाही.

तार पुरेशी जाड असावी, एवढी मागणी पूर्ण झाली की पुढचे बहुतेक दावे फार तकलादू उरतात. चांदी तांब्यापेक्षा अधिक चांगली वाहक आहे हे खरे, परंतु हा फायदा अवघा सहा टक्क्यांच्या आसपास असल्याने तांब्याची तार तितकीच किंचित जाड घेतली की तो भरून निघतो. ऑक्सिजनमुक्त तांबे आणि वायरिंगचे नेहमीचे तांबे यांच्या वाहकतेत तर जेमतेम एका टक्क्याचा फरक असतो. उच्च कंपनसंख्येचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाजवळून वाहू लागतो, या परिणामाला स्किन इफेक्ट म्हणतात आणि विक्रेते त्याचा धाक पुष्कळ घालतात. पण मानवी श्रवणाच्या वरच्या मर्यादेवर, म्हणजे २० किलोहर्ट्झलाही, तांब्यात हा थर जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या तारेत त्याचा उपद्रव नगण्य राहतो. तारेवर बाण छापून प्रवाहाची ‘योग्य’ दिशा दाखवण्याची प्रथाही अशीच आहे, कारण संगीताचा विद्युत संदेश प्रत्यावर्ती असतो, तो सेकंदाला शेकडो-हजारो वेळा उलटसुलट वाहतो, आणि बाणाला अर्थ येतो तो केवळ तारेभोवतीचे संरक्षक जाळीदार आवरण एकाच टोकाला जोडलेले असेल तेव्हा.

तरीही जोडतारेमुळे आवाज बदलूच शकत नाही असे मानणे घाईचे ठरेल, आणि याचे उत्तम उदाहरण ग्रामोफोन तबकडीच्या, म्हणजे एलपीच्या, संचात सापडते. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईच्या थरथरीतून वीज निर्माण करणाऱ्या घटकात, बारीक तारेची भरगच्च वेटोळी असतात आणि त्यांचा इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण, अर्ध्या हेन्रीइतका मोठा असू शकतो. टर्नटेबलपासून अँप्लिफायरपर्यंतच्या तारेत विद्युतभार साठवून धरण्याचा जो गुण असतो त्याला धारिता म्हणतात, आणि हे दोन गुण एकत्र येऊन एका ठरावीक कंपनसंख्येला अनुनाद घडवतात. एकूण धारिता २०० पिकोफॅरड असेल तर हा अनुनाद सुमारे १६ किलोहर्ट्झवर, म्हणजे श्रवणमर्यादेच्या काठावर येतो. जास्त धारितेच्या तारेमुळे ती ४०० वर गेली तर तो ११ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरतो आणि झांज, टाळ, व्हायोलिन यांच्या वरच्या स्वरांत स्पष्ट भर किंवा तूट पडते. यात विशेष हे, की येथे उपयोगी पडणारी तार महाग असण्याची गरज नसते; ती आखूड आणि कमी धारितेची असली की पुरे होते.

सुईच्या बाबतीत तर जोडसाहित्याचे महत्त्व निर्विवाद आहे. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची खाच रुंद असते आणि तिला सुमारे ७५ मायक्रोमीटर त्रिज्येचे टोक लागते, तर एलपीच्या अरुंद खाचेसाठीचे टोक त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे नाट्यसंगीताच्या ७८ च्या तबकड्या जपणाऱ्या महाराष्ट्रातील संग्राहकाने एलपीची सुई वापरली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते आणि बालगंधर्वांच्या स्वराऐवजी खरखरच अधिक उचलते. योग्य सुई हा अशा संचावरचा सर्वांत सार्थ खर्च होय.

सीडीसारख्या अंकीय माध्यमात चित्र पालटते. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्याला जवळजवळ न दिसणारा अवरक्त किरण असतो. तबकडीवरील माहितीत चुका हुडकून दुरुस्त करणारी संकेतपद्धती अंतर्भूत असते आणि तिच्यामुळे सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडासुद्धा पूर्णपणे भरून काढता येतो. वाचलेले आकडे आधी स्मृतीत साठवले जातात आणि मग स्फटिकाच्या घड्याळाच्या ठोक्यावर एकेक करून पुढे सोडले जातात, त्यामुळे कडेला हिरवी शाई लावून त्या आकड्यांत सुधारणा होण्याला वावच उरत नाही. या ठोक्यांत येणाऱ्या अत्यल्प अनियमिततेला जिटर म्हणतात. ती खरी आहे आणि प्रमाणाबाहेर गेली तर ध्वनी विकृतही करते, पण १९९८ साली डॉल्बी प्रयोगशाळेच्या संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत संगीतातील जिटर ओळखू येण्यासाठी तो वीस नॅनोसेकंदांच्या घरात असावा लागतो असे आढळले, आणि आजच्या साध्या उपकरणांतही तो एका नॅनोसेकंदाहून कमी असतो.

पॉवर कॉर्डविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. विद्युतकेंद्रापासून घरातील मीटरपर्यंत आणि तेथून भिंतीतल्या प्लगपर्यंत वीज सामान्य तारांतूनच येते, अँप्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर तिचे स्थिर दाबात रूपांतर करतात, आणि शेवटच्या दीड मीटरच्या दोरीने या साखळीत काही मोलाची भर पडत नाही. विजेचा दाब वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर बसवावा तो यंत्राच्या आयुष्यासाठी. स्पीकरमधून येणारी घूं अशी गुणगुण मात्र खरी तक्रार आहे, आणि तिचे मूळ बहुधा दोन उपकरणे दोन निरनिराळ्या ठिकाणी अर्थ झाल्याने तयार होणाऱ्या प्रवाहाच्या फेऱ्यात असते. दोन्ही एकाच बोर्डावर लावली की ती पुष्कळदा जाते, पण त्यासाठी अर्थिंगची पिन काढून टाकणे जिवावर बेतू शकते.

एवढे असूनही प्रामाणिक, जाणकार श्रोते नवी तार लावल्यावर फरक ऐकू आल्याचे सांगतात, आणि त्यांना खोटे पाडणे हा उत्तराचा मार्ग नव्हे. दोन आवाजांच्या पातळीत अर्ध्या डेसिबलहून कमी फरक असला तर मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, अधिक खुला आणि जिवंत वाटतो. शिवाय तार बदलायला उठलेला माणूस पुन्हा बसताना डोके काही सेंटिमीटर सरकवतो, आणि भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनिलहरींमुळे तेवढ्या अंतरातही आवाजाची घडण तारेने होईल त्याच्या कितीतरी पट बदललेली असते. म्हणजे फरक खरोखर ऐकू आलेला असतो, केवळ त्याचे श्रेय चुकीच्या वस्तूला जाते. अपेक्षेचा वाटाही मोठा असतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० श्रोत्यांनी चार स्पीकर आधी पडद्याआडून आणि नंतर डोळ्यांसमोर ठेवून ऐकले, तेव्हा पडद्याआड चांगले गुण मिळवणारा लहानसा स्वस्त संच डोळ्यांना दिसताच खाली घसरला, आणि त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की स्पीकरची जागा बदलल्याने ध्वनीत पडणारा खराखुरा फरकही उघड्या डोळ्यांनी ऐकताना श्रोत्यांच्या गुणांत फारसा उमटेना. डोळ्यांनी पाहिलेले ज्ञान कानाला नसलेले ऐकवते, तसेच असलेले झाकूनही टाकते.

म्हणूनच बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली मांडलेली ‘एबीएक्स’ चाचणी उपयोगी पडते. श्रोत्याला अ आणि ब हे दोन ध्वनी माहीत असतात, त्यानंतर त्यांपैकीच एक, क्ष या नावाने, ऐकवला जातो आणि तो कोणता हे त्याने ओळखायचे असते. दोन्हींची पातळी एक दशांश डेसिबलपर्यंत जुळवलेली असावी लागते आणि क्ष कोणता आहे हे चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसावे लागते. सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून एवढी मजल गाठणाऱ्याचा दावा गांभीर्याने घेतला जातो.

ध्वनीत मोठा आणि मापनीय बदल घडवणारे साहित्य कोणते, याचे उत्तर १८९५ सालीच मिळू लागले होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही, आणि त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस क्लेमंट सॅबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे आले. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री आणून तेथे मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून स्वर विरायला किती वेळ लागतो ते मोजले, आणि त्यातून निनादाचा काळ, म्हणजे स्वर विरायला लागणारा वेळ, सेकंदांत सांगणारे एक सोपे सूत्र काढले: खोलीचे घनमीटरमधील आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीतील एकूण ध्वनिशोषण. दहा बाय बारा फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या, लाद्या आणि प्लास्टरच्या उघड्या खोलीला हे सूत्र लावले तर निनादाचा काळ अडीच सेकंदांच्या आसपास येतो. त्याच खोलीत गादी घातलेला पलंग, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांनी भरलेले कपाट आणि दोन माणसे आली की तो अर्ध्या सेकंदावर उतरतो. कोणत्याही तारेने असा फरक पडल्याचे आजवर मोजले गेलेले नाही.

पडद्यांचा हा गुण मात्र खर्जाच्या स्वरांपर्यंत पोचत नाही, कारण त्यांची तरंगलांबी काही मीटर असते आणि बोटभर जाडीचे कापड त्यांना अडवू शकत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ आणि ९४ हर्ट्झला, तर दहा फुटांच्या रुंदीमुळे ५६ आणि ११२ हर्ट्झला भिंतींदरम्यान स्थिर तरंग उभे राहतात, आणि डग्ग्याचा घुमारा व तंबोऱ्याचा खर्ज याच पट्ट्याच्या आसपास असल्याने काही जागी ते फुगतात तर काही जागी जवळजवळ नाहीसे होतात. लांबीच्या अगदी मध्यावर ४७ हर्ट्झचा स्वर सर्वांत क्षीण असतो, भिंतीपासून तीन फुटांवर ९४ चा, आणि पाठ भिंतीला टेकवून बसले तर दोन्ही बेसुमार वाढतात. त्यामुळे श्रोत्याची खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांच्या आसपास ठेवून पाहावी आणि तेथून अर्धा-अर्धा फूट पुढेमागे सरकवत जावी; मोजमापासाठीचा साधा मायक्रोफोन आणि संगणकावर मोफत मिळणारी सॉफ्टवेअर वापरली तर प्रत्येक सरकण्यासरशी आलेखातील खड्डे किती भरले आणि उंचवटे किती बसले, हे आकड्यांतही पाहता येते.