ओलं बी, कोरडं बी

दोन वर्षांपूर्वी गावाकडचं पत्र्याचं घर उतरवायचं ठरलं. माळ्यावरची अडगळ काढताना वहिनींच्या हाती एक पितळी डबी लागली. तिच्यात लुगड्याच्या चिंधीत बांधलेलं मिरचीचं बी होतं. “भाऊजी, हे तुम्हीच न्या. आम्ही आता रोपं नर्सरीतूनच आणतो,” असं म्हणून त्यांनी ती डबी माझ्याकडे दिली. आमचं गाव सिल्लोड तालुक्यातलं, म्हणजे मिरचीच्याच मुलखातलं. पण हे बी बाजारातलं नव्हतं. आखूड, जाडसर, देठाशी सुरकुतलेली ही मिरची आई परसात लावायची. तिला नाव नव्हतं. घरात सगळे ‘आपली मिरची’ म्हणत. आई जाऊन 6 वर्षं झाली होती आणि त्यानंतर ती कुणी लावलेली नव्हती. छत्रपती संभाजीनगरला परतल्यावर सिडकोतल्या घरी टेबलावर पांढरा कागद पसरून मी बिया मोजल्या. 43 भरल्या.

मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. बी पाणी शोषतं, फुगतं, आतली विकरं जागी होतात, साठवलेल्या अन्नाचं रूपांतर सुरू होतं आणि मग टरफल फोडून मूळ बाहेर पडतं, हा पाठ दर वर्षी फळ्यावर काढला. पण ‘हे बी उगवलं नाही तर दुसरं मिळणार नाही’ अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. 43 बियांनी ती आणली, आणि मला पाठ नव्याने शिकावा लागला.

पहिली चूक घाईची. डिसेंबर चालू होता. 10 बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये टाकल्या आणि ट्रे गॅलरीत ठेवला. आपल्या शहरात दुपारी ऊन चांगलं असतं, त्यामुळे थंडीचा विचार मनात आला नाही. रात्री मात्र पारा 10 अंशांच्या आसपास उतरत होता. महिन्याभराने उकरून पाहिलं तर बियांचा लगदा झाला होता. उशिरा का होईना, घरातला थर्मामीटर कोकोपीटमध्ये खोचून पाहिला. सकाळी खोलीतली हवा 19 अंश, ओलं कोकोपीट 16. ओल्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने रोपांचा ट्रेही खोलीपेक्षा गार राहतो. माठाचं उदाहरण मी वर्गात देत असे, ट्रेचं मात्र कधी सुचलं नव्हतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठातले बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी भाज्यांच्या बियांसाठी एक तक्ता करून ठेवला आहे. मातीचं तापमान किती असेल तर बी किती दिवसांत वर येतं, एवढंच त्यात आहे. मिरचीची ओळ अशी: 15 अंशांना 25 दिवस, 20 अंशांना साडेबारा, 25 अंशांना साधारण साडेआठ, 30 अंशांना साडेसात. 35 ला दिवस पुन्हा वाढतात. 10 अंशांना काहीच उगवत नाही, आणि 40 लाही नाही. ताजं, दणकट बी 25 दिवस गार चिखलात तग धरेल. म्हाताऱ्या बियाला तेवढा दम नसतो. ते वर येण्याआधी बुरशी त्याला गाठते. म्हणून उबेचा उपयोग मुख्यतः वेळ वाचवण्यासाठी. बी ओलं झाल्यापासून कोंब बाहेर पडेपर्यंतचे दिवस जितके कमी, तितका धोका कमी.

सगळ्याच बियांना असं लागत नाही. गहू-हरभरा ही पश्चिम आशियातली, हिवाळ्यात वाढणारी पिकं. थंड मातीत ती बिनतक्रार उगवतात, म्हणून आपण ती रब्बीत पेरतो. मिरची मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशांतली, पोर्तुगिजांबरोबर इकडे आलेली. मराठवाड्यात ती इतकी मुरली की ठेच्याशिवाय भाकरी सुनी वाटते, पण बियाची सवय अजून तिकडचीच आहे.

घरात बी उगवण्याची परंपरा म्हटली की कुणालाही घटस्थापना आठवेल. आमच्याकडे पत्रावळीवर वावरातली काळी माती पसरून तिच्यात गहू, ज्वारी आणि मिळेल ते धान्य पेरतात, मधोमध मातीचा घट ठेवतात. घट पाझरतो आणि माती सतत ओलसर राहते, चिखल होत नाही. शेजारी अखंड दिवा. देवघराचा कोपरा, वारा नाही. ऊब, ओल, आडोसा: उगवणीला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी तिथे असतात. कोंब पिवळे येतात कारण उजेड कमी असतो, आणि उजेडाच्या शोधात ते भराभर उंच होतात. दसऱ्याला तेच टोपीत खोचायचे.

यावरून ‘घट म्हणजे आपल्या पूर्वजांची बियाणं तपासण्याची प्रयोगशाळा’ असं हल्ली दर नवरात्रात वाचायला मिळतं. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर हा सण येतो, त्यामुळे कल्पना मोहक आहे. मला ती पूर्ण पटत नाही. तपासणीला मोजणी लागते. मूठभर मिसळलेलं धान्य मातीत टाकलं की किती पेरलं आणि किती उगवलं याचा हिशेब राहत नाही. घट दाट आला की घरातल्या बाईला समाधान वाटतं, एवढं खरं, आणि तेवढं पुरेसंही आहे.

मोजणीची खरी घरगुती पद्धत गोणपाटाची. कृषी विभाग सोयाबीनसाठी ती दर उन्हाळ्यात सांगत असतो. ओल्या गोणपाटावर 10-10 च्या 10 ओळींत 100 दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची, आठवड्याभराने उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. 70 किंवा जास्त निघाले तर नेहमीचं प्रमाण, कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं. प्रमाणित सोयाबीनला किमान 70 टक्के उगवण लागते, गव्हाला 85, ज्वारीला 75, मिरचीला 60. म्हणजे मिरचीच्या पाकिटातल्या 100 पैकी 40 बिया उगवल्या नाहीत तरी ते पाकीट नियमात बसतं. माझ्या 33 बियांना मी हीच चाचणी लावू शकत होतो, पण मग लावायला काय उरलं असतं? प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाचं द्रावण वापरतात. बी चिरून त्यात बुडवलं की जिवंत गर्भ लाल होतो. त्यात बी जिवंत होतं हे कळतं, आणि ते चिरलेलंही असतं.

मिशिगनमध्ये असलेल्या माझ्या पुतणीला हे कळलं तेव्हा तिने गरम होणारी रबरी चटई पाठवली. तिकडे फेब्रुवारीत बाहेर बर्फ असतं आणि ती तळघरात अशा चटईवर मिरची-वांग्याची रोपं तयार करते. ट्रे वर ठेवायचा, पारदर्शक झाकण घालायचं, मुळाकडून ऊब द्यायची. बर्फ वितळेपर्यंत हातभर रोपं हाताशी येतात. चटई उत्तम होती, फक्त अमेरिकेच्या विजेवर, 120 व्होल्टवर चालणारी. आपल्या 230 वर लावली असती तर बी भाजण्याआधी तीच भाजली असती. ती अजून तशीच गुंडाळलेली आहे.

मग इथलीच एक चटई मागवली. तिला तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नव्हता. खोक्यावर नुसतं ‘योग्य तापमान राखते’ असं लिहिलेलं. मी विश्वास ठेवला. आणखी 10 बिया टाकल्या, झाकण लावलं, वरून जुनी चादर घातली. दुसऱ्या दिवशी दुपारी कोकोपीट 43 अंशांवर होतं. दोष मी चटईला देत नाही. चटई खोलीपेक्षा काही अंश जास्त तापवते, त्यावर मी चादर घातली होती आणि मोजायचं पुन्हा विसरलो होतो. हॅरिंग्टनच्या तक्त्यातलं शेवटचं शून्य माझ्या स्वयंपाकघरात खरं ठरलं. 23 उरल्या.

या टप्प्यावर मी काही दिवस थांबलो आणि सिल्लोड रस्त्यावरची एक रोपवाटिका पाहून आलो. त्यांच्याकडे वीज लावून तापवलेलं काहीही नव्हतं. 98 खळग्यांचे ट्रे कोकोपीटने भरून, एकेक बी टाकून, पाणी देऊन ते एकावर एक रचतात आणि थप्पी काळ्या प्लास्टिकने गच्च झाकतात. ओल बाहेर जात नाही, त्यामुळे ट्रे गार पडत नाहीत. दिवसा कमावलेली ऊब रात्री टिकते. चार-सहा दिवसांनी कोंब डोकावू लागले की त्याच दिवशी ट्रे उतरवून सावलीच्या जाळीखाली पसरायचे. “एक दिवस उशीर झाला तर रोप लांबडं होतं, मग ते कामाचं नाही,” तिथला माणूस म्हणाला. घटातल्या पिवळ्या कोंबांचीच ही गोष्ट. देव्हाऱ्यात जे शोभतं ते वावरात चालत नाही.

खरं सांगायचं तर आपल्या शहरात वर्षातले 10 महिने असा तापता ट्रे लागत नाही. मार्चनंतर तर उलटी पंचाईत असते, ट्रे गार कसे ठेवायचे याची. आणि इथे माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या उबेची चिंता करत बसलो होतो.

हॅरिंग्टन यांचाच आणखी एक ठोकताळा आहे, साठवणीचा. बियातली ओल 1 टक्क्याने कमी केली तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीचं तापमान 5 अंशांनी कमी केलं तरी दुप्पट. काही मर्यादेत हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. ओल्या बियाला उगवायला लावणारी ऊब कोरड्या बियाला आतून झिजवत असते. आमच्या घराचं छत पत्र्याचं. मे महिन्यात बाहेर 42 असताना माळ्यावर काय असेल? 40 अंशांवरून फ्रिजमधल्या 5 अंशांपर्यंत 35 अंशांचा फरक, म्हणजे सात वेळा दुप्पट, 128 पट. कागदावरचं गणित आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आई गेल्यानंतरचे सहा उन्हाळे त्या डबीने पत्र्याखाली काढले होते.

आई असताना हे होत नव्हतं, कारण तिचं बी कधी एका वर्षापेक्षा जुनं नसायचं. ती बी उन्हात वाळवून राखेत कालवायची आणि मातीच्या लोटक्यात घालून उतरंडीत खाली ठेवायची. कोरडी राख ओल शोषते, किडीला अडवते. जमिनीलगतचं मडकं माळ्यापेक्षा गार. घर बदललं, उतरंड मोडली, कुणीतरी जपून ठेवायचं म्हणून बी पितळी डबीत घालून माळ्यावर टाकलं.

हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आपण पाहिलेला आहे. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन काढणीला आलं असताना अवकाळी पाऊस झाला. भिजलेल्या पिकातून निघालेलं बियाणं ओल घेऊनच साठवणीत गेलं. सोयाबीनचं टरफल पातळ, गर्भ वरच्या बाजूला. ओल, उष्णता आणि आदळआपट हे तिन्ही त्याला सोसत नाही. 2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी ते उगवलंच नाही. तक्रारींचा ढीग पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ज्यांनी दुबार पेरणी केली त्यांना बियाण्याचा आणि पेरणीचा खर्च पुन्हा करावा लागला. आपल्याकडे बियाणे कायदा 1966 पासून आहे. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली महिको सुरू केली, 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचं ज्ञान या भागाला नवं नाही. तरीही पेरणीआधी 100 दाणे गोणपाटात गुंडाळून पाहणारे किती, हे ज्याने त्याने आपल्या गावात मोजावं.

23 बियांकडे परत येतो. औषधांच्या दुकानातून थर्मोकोलचं खोकं आणलं. चटईला कोंबडीची अंडी उबवणारे लोक वापरतात तसला थर्मोस्टॅट जोडला. त्याची तार हवेत न सोडता कोकोपीटमध्ये खोचली. मोजायचं आहे ते बियाभोवतीचं तापमान. 28 अंशांवर लावलं. चटई 20 वॅटची, दिवसातून अर्धा वेळ चालणारी, म्हणजे चार दिवसांत साधारण 1 युनिट. वीज गेली तरी दोन-तीन तास खोकं ऊब धरून ठेवायचं. कोकोपीट पिळून पाणी टपकणार नाही एवढंच ओलं ठेवलं.

आठवा दिवस गेला, दहावा गेला. मी तक्त्याकडे पाहणं बंद केलं. अकराव्या दिवशी सकाळी एक पांढरी कमान दिसली. दुसरी तेराव्या दिवशी, तिसरी एकोणिसाव्या. मग काहीच नाही. 23 पैकी 3. त्या तिघांना लगेच चटईवरून उचलून खिडकीशी ठेवलं. तिसरं रोप आठवड्याने जमिनीलगत काळं पडून कोलमडलं. दोन जगली.

वहिनी फोनवर म्हणाल्या, “दोन तर दोन. आत्याबाईंनी एका झाडावर अख्खं घर काढलं असतं.”

फुलं आली तेव्हा कळ्यांवर मलमलीच्या पुरचुंड्या बांधल्या. मिरचीत स्वपरागण होतं, पण माशा-मुंग्या शेजारच्या गच्चीवरच्या सिमला मिरचीचा पराग आणू शकतात, आणि मग ती ‘आपली’ राहिली नसती. पुरचुंडीतल्या 9 मिरच्या झाडावरच लाल होऊ दिल्या. त्यांचं बी सावलीत वाळवलं, भाजून थंड केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीबरोबर घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवलं आणि उरलेली ओल त्या तांदळाने ओढून घेतल्यावर बाटली फ्रिजमध्ये गेली. या नवरात्रात त्यातल्या 50 बिया ओल्या टीपकागदावर मांडून पाहिल्या. दहाव्या दिवशी 41 उगवलेल्या होत्या. निम्म्या वहिनींकडे पाठवल्या आहेत, राखेसकट.