तारण म्हणजे ठेव

खरिपाची पेरणी जवळ आली की उंद्रीसारख्या बुलढाणा जिल्ह्यातील गावात कुणाच्या तरी पाटल्या गहाण पडतात. बियाण्या-खताला रोकड लागते आणि घरातील दागिना हीच तातडीची पत असते. रक्कम लहान असली तरी त्या वस्तूशी घराची अब्रू जोडलेली असते.

गहाण टाकल्याने मालकी बदलत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार विक्रीपूर्वी वाजवी सूचना द्यावी लागते. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत कर्जदार वस्तू सोडवू शकतो आणि विक्रीतून उरलेली रक्कम त्याचीच असते. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्राने २०१४ मध्ये सावकारी (नियमन) अधिनियम आणला. त्याखाली तारण कर्जावर शेतकऱ्यास वार्षिक ९ आणि इतरांस १५ टक्के ही व्याजाची कमाल मर्यादा ठरली. मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारीस ५ वर्षांपर्यंत कैद आहे.

तरीही उणीव राहिली. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडील कर्ज फेडून तारण परत देण्याची योजना शासनाने आणली. परवान्याच्या क्षेत्राबाहेर दिलेली कर्जे मात्र प्रारंभी तीतून वगळली गेली. नियम मोडला सावकाराने, दागिना अडकला शेतकऱ्याचा.

रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनी बँका व वित्तसंस्थांपुरती दिशा दाखवली आहे. सोन्याची पारख कर्जदारासमोर व्हावी, कर्ज फिटल्यावर तारण ७ कामकाजाच्या दिवसांत परत मिळावे, संस्थेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असे त्यांत आहे. लिलावातील शिल्लकही परत करावयाची आहे. सावकाराच्या पेढीला हे निर्देश लागू नाहीत. कर्जाच्या प्रमाणात विलंबाची भरपाई आणि समोरासमोर पारख या तरतुदी राज्याच्या कायद्यातही स्पष्ट शब्दांत याव्यात.

सचोटीच्या व्यापाऱ्याला अशा सुधारणेचे भय नको. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार, म्हणजे खोटा लेख करणे आणि दुसऱ्याची ठेव बुडवणे, यांची गणना पूर्वीच झालेली आहे. पावतीवर वजन, शुद्धता व मुदत स्वच्छ लिहिणारी पेढी कायदा बदलण्याची वाट पाहत नाही. तिजोरीतील तो दागिना तिच्या लेखी परक्याची अमानतच असतो.