मुलाबरोबर चित्रपुस्तक वाचताना : चित्र, मजकूर आणि घरची भाषा

हे टिपण दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. चित्रपुस्तकाची रचना कशी असते, ते मुलाबरोबर कसे वाचावे आणि त्यातून घरची भाषा कशी वाढते, हे आपण क्रमाने पाहू.

१. प्रश्न काय आहे?

चेन्नईजवळच्या ओरगडम परिसरात वाहनांचे आणि सुट्या भागांचे मोठे कारखाने आहेत. नोकरीसाठी येथे आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाचा विचार करा. मुलाच्या कानांवर खाली खेळताना तमिळ पडते, बालवाडीत इंग्रजी पडते आणि शेजारी हिंदी. दिवसभरात मराठी बोलणारी माणसे दोनच, आई आणि बाबा. तीही कामाच्या घाईत असतात. मग घरातली मराठी ‘जेव’, ‘झोप’, ‘चप्पल घाल’ एवढ्यावर येऊन थांबते. मुलाला मराठी समजते, पण ते उत्तर दुसऱ्या भाषेत देऊ लागते. पुढे आजीशी फोनवर बोलताना त्याच्याजवळ शब्दच नसतात.

दररोजच्या सूचनांत न येणारे शब्द घरात आणायचे, तर त्यांना काही निमित्त लागते. चित्रपुस्तक हे सर्वांत सोपे निमित्त आहे.

२. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

सचित्र पुस्तकात गोष्ट मजकुरात पूर्ण असते. चित्रे काढली तरी ती समजते. चित्रपुस्तकात मात्र कामाची वाटणी असते. काही भाग शब्द सांगतात, काही चित्र सांगते.

पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ (१९६८) हे याचे प्रसिद्ध उदाहरण. संपूर्ण मजकूर अवघ्या ३२ इंग्रजी शब्दांचा आहे. एक कोंबडी शेतवाडीत फेरफटका मारून घरी येते, एवढेच तो सांगतो. चित्रांत मात्र एक कोल्हा तिच्या मागावर आहे आणि दर वेळी त्याचीच फजिती होते. मजकुरात कोल्ह्याचा उल्लेखही नाही. त्यामुळे मजकूर जे सांगत नाही, ते चित्र पाहणाऱ्या मुलाला माहीत असते.

अभियांत्रिकीच्या आरेखनात आकृती आणि मजकूर तंतोतंत जुळावे लागतात. आकृतीत भोक २० मिलिमीटरचे आणि टिपेत २५ मिलिमीटरचे असेल, तर ते आरेखन परत येते. चित्रपुस्तकात हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते अंतर म्हणजे मुलाची बोलण्याची जागा. पालकाने फक्त मजकूर वाचून पान उलटले, तर ही जागा वाया जाते.

पानांचेही एक गणित आहे. छपाईचा मोठा कागद दुमडून पुस्तक तयार होते, म्हणून पानांची संख्या बहुधा आठाच्या पटीत असते. बरीचशी चित्रपुस्तके २४ किंवा ३२ पानांची दिसतात. एवढ्या थोड्या पानांत प्रत्येक पान उलटणे महत्त्वाचे ठरते. पुढे काय होईल, हा प्रश्न लेखक पान उलटण्याच्या जागी ठेवतो. तेथे क्षणभर थांबा.

३. संवादी वाचन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारे दोन-तीन वर्षांच्या मुलांना दोन्ही गटांतले पालक घरी चित्रपुस्तके वाचून दाखवत होते. एका गटातल्या पालकांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या : ‘हो-नाही’त न संपणारे प्रश्न विचारणे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत सांगणे आणि सलग वाचन कमी करणे. महिन्याभरानंतर या गटातली मुले स्वतः बोलण्याच्या भाषेत दुसऱ्या गटाच्या पुढे होती. दोन्ही घरांत पुस्तक वाचले जातच होते. फरक पडला तो मुलाला बोलायला किती वाव मिळाला यामुळे.

एक नमुना पाहू. समजा, चित्रात गच्चीवर पापडांचे वाळवण आहे. आजी पाठमोरी बसली आहे आणि कावळा पापड उचलतो आहे.

मूल : काक्का!
आई : हो, काक्का. आपण त्याला कावळा म्हणतो. कावळ्याने चोचीत काय धरलंय?
मूल : पापड.
आई : कावळ्याने वाळवणातला पापड पळवला! आजीला कसं नाही कळलं?
मूल : आजी तिकडे बघते.
आई : हो, आजी पाठमोरी बसलीय. आता काय होईल रे?

तमिळमध्ये कावळ्याला ‘काक्का’ म्हणतात. मराठी कानाला तो ‘काका’ वाटेल. आईने शब्द चुकला असे म्हटले नाही. आधी तो मान्य केला, मग मराठी शब्द शेजारी ठेवला आणि लगेच प्रश्न विचारला. मुलाला दोन्ही शब्द हवेतच, कारण एक खालच्या मित्रांसाठी आणि एक आजीसाठी आहे. ‘चोच’, ‘वाळवण’, ‘पाठमोरी’ हे शब्दही सहज येऊन गेले. तमिळ घरांच्या गच्चीवरही वडाम वाळत घालतात. त्यामुळे दृश्य मुलाच्या ओळखीचे असते, फक्त शब्द नवा असतो.

प्रश्नांची परीक्षा होऊ देऊ नका. ‘हे काय, ते काय’ असे दहा प्रश्न विचारले की मूल उठून जाते. एका पानावर एक-दोन प्रश्न पुरेत. उत्तरासाठी मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा.

४. ‘पुन्हा तेच!’

तेच पुस्तक विसाव्यांदा वाचताना पालकाला कंटाळा येतो, मुलाला येत नाही. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले, तरीही तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांना ते जास्त लक्षात राहिले. गोष्ट ओळखीची झाली की मुलाचे लक्ष नव्या शब्दाकडे वळू शकते.

म्हणून नवे पुस्तक आणण्याची घाई नको. त्याच पुस्तकात प्रश्न बदला. पहिल्यांदा ‘कोण आहे?’, मग ‘का केलं असेल?’ आणि शेवटी ‘आज तू सांग, मी ऐकतो’.

५. आवडते, पण कोणाचे?

आपल्या लहानपणीचे पुस्तक मुलाला आवडावे असे वाटणे साहजिक आहे. ते जरूर दाखवा आणि तुम्हाला त्यातले काय आवडायचे तेही सांगा. मुलाने ते बाजूला सारले तर आग्रह धरू नका. काही महिन्यांनी पुन्हा समोर ठेवा. रोजच्या वाचनात निवड मुलाची असावी. मोठ्यांचे लक्ष कथेकडे असते, मुलाचे कोपऱ्यातल्या मांजराकडे. मग त्या दिवशी बोलणे मांजराबद्दल होऊ द्या.

६. पुस्तके कोठे मिळतील?

तमिळनाडू आणि मराठी बालवाङ्मय यांचे नाते जुने आहे. तंजावरच्या सरफोजीराजांनी इसापनीतीचे मराठी भाषांतर करवून घेतले आणि ते ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने १८०६ मध्ये छापले. मुलांसाठीच्या अगदी पहिल्या छापील मराठी पुस्तकांत त्याची गणना होते.

आज चेन्नईतील तूलिका प्रकाशन मराठीसह नऊ भाषांत चित्रपुस्तके काढते. त्यांची द्वैभाषिक पुस्तकेही आहेत. पुण्यातील वाचकांच्या ओळखीचे ज्योत्स्ना प्रकाशन माधुरी पुरंदरे यांची पुस्तके छापते. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या छापून घेता येतात. पुस्तक तमिळ किंवा इंग्रजी असले तरी अडचण नाही. चित्राला भाषा नसते, बोलणे मराठीत करा.

सारांश

- चित्रपुस्तकात चित्र आणि मजकूर वेगवेगळे सांगतात. त्यातली मोकळी जागा मुलासाठी असते.
- कमी वाचा, एक प्रश्न विचारा, थांबा, मुलाचे वाक्य थोडे वाढवून परत सांगा.
- दुसऱ्या भाषेतला शब्द खोडू नका. त्याच्या शेजारी मराठी शब्द ठेवा.
- तेच पुस्तक पुन्हा वाचण्याने शब्द पक्के होतात.

स्वाध्याय

१. घरातले एखादे चित्रपुस्तक घ्या. चित्रात असलेल्या पण मजकुरात नसलेल्या पाच गोष्टी लिहा.
२. तेच पुस्तक आठवडाभर रोज दहा मिनिटे वाचा. मुलाने आपण होऊन वापरलेले नवे मराठी शब्द टिपून ठेवा.
३. आठवड्याच्या शेवटी मुलाला ती गोष्ट फोनवर आजी-आजोबांना सांगू द्या. मध्ये शब्द अडला, तर सुचवण्याआधी थोडे थांबा.