पुण्याची थंडी : 1.7 अंशांची गोष्ट

जर्नल्स पुरी करत पहाटेपर्यंत जागलं की "यंदा जरा जास्तच थंडी आहे" हे वाक्य दरवर्षी ऐकू येतं. मीही म्हणायचो. मग जुने आकडे पाहिले आणि गप्प बसलो. 17 जानेवारी 1935 ला पुण्यात पारा 1.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता! 29 डिसेंबर 2018 च्या थंडीची एवढी चर्चा झाली, तेव्हा तो होता 5.9.

असं का होतं? उत्तरेकडून कोरडे, थंड वारे येतात. आकाश निरभ्र, हवेत बाष्प कमी. म्हणजे जमिनीचं पांघरूणच काढून घेतल्यासारखं. दिवसभरात साठलेली उष्णता रात्री भराभर निघून जाते. मुंबईला समुद्र सांभाळून घेतो. आपण पडलो घाटावरचे, साडेपाचशे मीटर उंचीवर. वारा पडला की थंड, जड हवा सखल भागात साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. म्हणून पहाटे शेकोट्यांचा धूर नदीकाठी तसाच तरंगत राहतो.

मागच्या हिवाळ्यात आमच्या वॉचमनकाकांनी केबिनचं दार लावून आत कोळशाची शेगडी ठेवली होती. मी सहज डोकावलो, तर काकांना घेरी आलेली. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. त्यांना उघड्यावर आणलं, दवाखान्यात नेलं, म्हणून वाचले. तेव्हा थंडी कितीही असो, शेगडी बाहेरच! आणि जास्तीचं ब्लँकेट असेल तर केबिनमध्ये नेऊन द्या.